तिची दुखरी जागा कोणाला ठाऊक आहे?

प्रश्न थोडक्यात असा. एक तरुण लेखक पहिल्यांदाच दैनंदिन मालिका लिहितो आहे. नायिका एसटीत कंडक्टर. कणखर, तोंडाची फटकळ, डेपोत कोणाचं ऐकून न घेणारी. नायक त्याच गाडीने रोज पासावर जाणारा प्राथमिक शाळेतला शिक्षक. पहिले चाळीस भाग झकास गेले. मग प्रेमाचा ट्रॅक सुरू झाला आणि चॅनेलकडून निरोप आला : 'ती एकदम लोण्याची झाली, पटत नाही.' त्याने तिला पुन्हा कडक केलं, तर निरोप आला : 'आता कोरडी वाटते.' त्याने मला विचारलंय की प्रेम दाखवायचं, हळवेपणा दाखवायचा आणि तरी पात्र दुबळं होऊ द्यायचं नाही, हे करायचं तरी कसं?

अठरा वर्षं मी मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहिते आहे. हा निरोप मलाही आलेला आहे, अगदी याच शब्दांत, आणि एकदा नव्हे. तेव्हा जे सांगते ते हात पोळून शिकलेलं आहे.

आधी 'हळवेपणा' हा शब्द बाजूला ठेवा. तो आपल्याला फसवतो. हळवं माणूस म्हणजे ज्याचे डोळे चटकन भरून येतात ते. तो स्वभाव झाला. पटकथेला स्वभाव लागतो, पण गोष्ट स्वभावावर चालत नाही. तुम्हाला हवी आहे ती दुखरी जागा. प्रत्येकाला ती असते आणि प्रत्येकजण ती झाकून ठेवतो. कोणी आवाज चढवून, कोणी सतत विनोद करून, कोणी सगळ्यांची सेवा करून. जोवर ती जागा फक्त लेखकाला माहीत आहे तोवर ती पात्राच्या टिपणात पडून राहते. ज्या दिवशी ती मालिकेतल्या दुसऱ्या एका पात्राला कळते, त्या दिवशी गोष्ट सुरू होते. म्हणून माझ्याकडे कोणी प्रेमाचा ट्रॅक घेऊन आलं की 'हिचं कोणावर प्रेम आहे' हे मी विचारतच नाही. मी विचारते, हिची दुखरी जागा कोणाला ठाऊक आहे? त्याला ठाऊक आहे हे हिला ठाऊक आहे का? आणि तो त्या माहितीचं काय करतो?

नवीन लेखक नायिकेला रडवतात. बाथरूममध्ये नळ सोडून, गच्चीवर, पावसात. त्या रडण्याने काय बदललं? कोणालाच काही कळलं नसेल तर दुसऱ्या दिवशीचा वनलाइनर, म्हणजे भागात काय घडणार याचा थोडक्यातला आराखडा, जसा होता तसाच राहतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये तुमच्या हातात जेमतेम बावीस मिनिटं येतात. त्यातली दोन अशी वाया गेली तर आठवड्याच्या सहा भागांत किती गेली ते मोजा. शिवाय प्रेक्षक रडणाऱ्या बाईला सरावलेला आहे. तो त्या वेळात कुकर बंद करायला उठतो.

माझं म्हणणं स्पष्ट व्हावं म्हणून एक मालिका घेते. 'जुळून येती रेशीमगाठी' 2013 च्या अखेरीस सुरू झाली. मेघनाचं एका मुलावर प्रेम आहे आणि वडिलांच्या धाकामुळे तिचं लग्न दुसऱ्याशी होतं. योगायोग असा की दोघांचं नाव आदित्यच. लग्नानंतर पहिल्याच रात्री ती नवऱ्याला खरं काय ते सांगून टाकते. हा प्रसंग मी शिकाऊ लेखकांना अनेकदा दाखवला आहे. एका मध्यमवर्गीय मराठी घरातली नवी सून या क्षणी स्वतःला पुरतं बरबाद करू शकेल अशी माहिती एका जवळजवळ अनोळखी माणसाच्या हातात देते. त्याने सकाळी आईला सांगितलं तरी संपलं. आता पारडं कोणाकडे झुकलं? सगळी सत्ता त्याच्याकडे गेली. आणि तो ती वापरत नाही. घरच्यांना कळू देत नाही, तिला मदत करायचं ठरवतो, थांबतो. त्या मालिकेतली प्रेमकथा 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' या वाक्यापासून सुरू झालेली नाही. तिच्या कबुलीजबाबानंतर तो जे करत नाही, तिथून ती सुरू झाली. नायक घडला तो न केलेल्या गोष्टींतून. आणि मेघना त्या रात्री रडलीही असेल, पण तिला दुबळी कोण म्हणेल? खरं बोलायला जेवढी छाती लागते तेवढी त्या घरात दुसऱ्या कोणाला दाखवावी लागली नव्हती.

इथे एक अडचण आहे आणि ती मान्य करायला हवी. असा समजूतदार नवरा फार दिवस नुसता समजूतदार राहिला की देव्हाऱ्यात बसवावा लागतो. दुखरी जागा एकतर्फी उघडी करून चालत नाही. आज ना उद्या त्याचंही काहीतरी तिच्या हातात पडावं लागतं, नाहीतर प्रेमाच्या जागी उपकार येतात आणि प्रेक्षकाला ते बरोबर कळतं.

'एका लग्नाची दुसरी गोष्ट' (2012) मध्ये हे दोन्ही बाजूंनी होतं. घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला लग्नाच्या तगाद्यातून सुटायचंय, म्हणून दोघं घरच्यांच्या समाधानासाठी लग्न करतात आणि पुढे वेगळं व्हायचं आपसात ठरवून ठेवतात. वरवर पाहिलं तर ही विनोदी कल्पना. पण लेखकाच्या नजरेने बघा : भावना असणार नाहीत असं आधीच ठरल्यामुळे प्रत्येक भावना ही करारभंग ठरते. जो आधी कबूल करेल तो हरला. अशा रचनेत नुसतं 'जेवलास का?' विचारणंही जोखमीचं होतं. प्रेमाचे मोठाले प्रसंग लिहावेच लागत नाहीत, साधे प्रसंगच आपोआप प्रेमाचे होतात. त्यात काळ्यांचं माणसांनी गजबजलेलं घर, म्हणजे खोटं लपवायलाही जागा नाही. ती मालिका त्याच वर्षी संपवली हेही शहाणपणाचं झालं. करार मोडला, दोघांना कळलं, की नंतर ओढायला उरतं काय?

पुरुषपात्रांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्यांच्या बाबतीत फार आळस होतो. नायकाची दुखरी जागा म्हणून एक मेलेली आई किंवा सोडून गेलेली प्रेयसी चिकटवली की काम झालं असं समजतात. मला कायम आठवतो तो 'तुझ्यात जीव रंगला'मधला राणा. 2016, कोल्हापूरची माती, आखाड्यात समोरच्याला आसमान दाखवणारा पैलवान, आणि त्याचा जीव जडतो तो शाळेतल्या पाठकबाईंवर. तो शिकलेला नाही, ती शिकवणारी. जगाने बघितलेली त्याची ताकद तिच्यासमोर निरुपयोगी आहे. बाई काय बोलतील, आपल्याला काय कळेल, या भीतीने एवढा मोठा गडी आक्रसतो. ही दुखरी जागा पात्राच्या शरीरातच, त्याच्या ताकदीच्या नेमक्या पाठीमागे बसवलेली आहे, म्हणून ती रोज वापरता येते. मेलेली आई रोज वापरता येत नाही. फोटोसमोर उदबत्ती लावून झाली की संपलं.

तुमच्या कंडक्टरच्या बाबतीतही हेच बघा. तिचा कणखरपणा नेमकं काय झाकतो? ज्या ठिकाणी ती सगळ्यात कडक आहे त्याच्याच मागे शोधा. मी खाली तिच्याकडे परत येते.

त्याआधी उलटी बाजू. दुखरी जागा दाखवणं हे सोंगही असू शकतं, आणि हे ज्यांनी धाडसाने केलं त्यांना मी मानते. 'तुला पाहते रे' (2018-19) मध्ये प्रेक्षक कित्येक महिने विक्रांत सरंजामेच्या प्रेमात होता. श्रीमंत, एकटा, वयाने ईशाहून वीसेक वर्षांनी मोठा आणि तरी तिच्यासमोर साधा होणारा माणूस. मग कळलं की हाच खलनायक, राजनंदिनीचा, म्हणजे पहिल्या बायकोचा, जीव घेणारा. ईशा म्हणजे राजनंदिनीचाच पुनर्जन्म, हा भाग तुम्हाला पटो न पटो, लेखनाचा धडा वेगळाच आहे. ईशाने जे उघड केलं ते खरं होतं, त्याने जे उघड केलं ते गळाला लावलेलं आमिष होतं. बायका मला तेव्हा बसमध्ये, लग्नात, कुठेही गाठून विचारायच्या, 'हो, पण त्याचं थोडं तरी खरं असेल ना?' तो प्रश्न कथानकापेक्षा मोठा आहे. आपली दुखरी जागा ज्याच्याकडे सोपवली त्याच्याबद्दल प्रत्येक बाईला कधी ना कधी पडलेला प्रश्न आहे तो.

'आई कुठे काय करते' (2019 ते 2024) तर शीर्षकातच दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. अरुंधतीला नेमकं काय लागतं हे पंचवीस वर्षं सगळ्या घराला ठाऊक आहे, आणि सगळं घर ते रोज, सहज, हसत हसत तिच्या तोंडावर फेकतं. कोणी वाईट नाही. सवय झाली आहे. अनिरुद्धचं संजनाशी असलेलं प्रकरण लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघड होतं हा मोठा धक्का, पण ज्या घरात मूळ वाक्य आधीच इतक्या वेळा बोललं गेलंय तिथे तो धक्का फक्त शेवटची पावती आहे. मूळ कथा बंगालीतली, तीच हिंदीतही गेली आणि तिथेही चालली, याचं मला नवल वाटत नाही. पुढे आशुतोष येतो तेव्हा त्याच्या प्रेमाचं वजन कशात आहे? घराने जे बिनकामाचं ठरवलं, तिचं गाणं, तिचं साधेपण, त्यालाच तो मोलाचं मानतो. माहिती तीच, वापर उलटा.

आणि 'अग्गंबाई सासूबाई' (2019). माझ्या मते त्यातली खरी प्रेमकथा आसावरी आणि अभिजीत राजे यांची नाहीच. आयुष्यभर सासऱ्यांच्या धाकात आणि लाडावलेल्या मुलाच्या तैनातीत राहिलेल्या विधवा आसावरीला स्वतःसाठी काही हवंसं वाटतं, हे सर्वात आधी मनापासून कोणाला कळतं? शुभ्राला, सुनेला. आणि मराठी घरात सुनेला सासूचं असं गुपित मिळणं म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायला नको. ती त्या गुपिताला हत्यार करत नाही, सासूचं लग्न लावून देते. शेफ राजे छानच होते, पण लोक गुंतले ते त्या दोघींत. प्रेमाचा ट्रॅक म्हणजे नायक-नायिकाच, असं डोक्यात धरून बसाल तर असं सोनं हातातून निसटतं.

आता थोडं कारागिरीचं.

आपल्या परंपरेत शृंगाराचे दोन भाग सांगितलेत, संभोग आणि विप्रलंभ, मीलनाचा आणि विरहाचा. दैनंदिन मालिका ही पहिल्या भागापासून पाचशेव्यापर्यंत विप्रलंभ आहे. दोघं एकत्र यायला वेळ लागणारच, त्यावर आपलं पोट आहे. पण वेळ कशाने लागतो ते महत्त्वाचं. फोन लागला नाही, चिठ्ठी उडाली, दाराआडून अर्धंच ऐकलं, ही कारणं महिन्यातून एकदा चालतात. दुसऱ्यांदा प्रेक्षक टीव्हीला शिव्या घालतो. अडथळा दुखऱ्या जागेतूनच यायला हवा : तिला सांगायचं आहे, सांगायला वेळही आहे, तो समोर बसलेला आहे, रेंज फुल्ल आहे, आणि तरी ती सांगत नाही. असा प्रसंग एक आठवडा ताणला तरी कोणी उठत नाही.

दुसरं म्हणजे हातांना काम द्या. ही गोष्ट मला एका ज्येष्ठ अभिनेत्रीने शिकवली. घोडबंदरच्या एका बंगल्यात शूटिंग चालू होतं. मी तिला मुलीसमोर मन मोकळं करायचे चार पानं संवाद लिहून दिले होते आणि त्यांवर मी भलतीच खूश होते. तिने वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, 'अगं, कोण बाई अशी समोर बसून बोलते? मला गोधडीला टाके घालायला दे, आणि यातलं अर्धं पान ठेव.' मला राग आला होता. सीन झाल्यावर युनिटमध्ये कोणी बोलेना. सुईत दोरा जाईना तेव्हा ती एकदाच थांबली, तेवढंच. नंतर घरी जाताना मला आज्जीचं जातं आठवलं. बायकांनी सासरचं दुःख, माहेरची ओढ, नवऱ्याबद्दलचं बरंवाईट सगळं ओव्यांमध्ये घातलं ते उगीच नाही. हात खुंट्यावर, नजर दळणावर, समोर असलीच तर दुसरी बाई आणि तीही दळणारी. कोणाकडे बघावं लागत नाही म्हणून बोलता येतं. तेव्हापासून मी कबुलीचा एकही सीन समोरासमोर बसवून लिहिलेला नाही.

तिसरं, आपल्या भाषेचं एक देणं आहे, ते उधळू नका. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं. कोण आधी येतं, कोणासमोर येतं, रागात परत 'तुम्ही'वर जातं का. मराठीत हा एक अक्षराचा प्रवास मिठीपेक्षा मोठा प्रसंग आहे. मी एकदा तिसऱ्याच भागात दोघांना 'अरे-तुरे' करून बसले होते, 'तरुण वाटतात' म्हणून. पुढे शंभर भाग जवळीक दाखवायला माझ्याकडे नुसता वारा आणि ओढणी उरली होती.

बरं, तुमची कंडक्टर.

तुम्ही पाठवलेल्या टिपणात एक ओळ आहे जिच्याकडे तुमचंच लक्ष नाही : तिला नोकरी वडिलांच्या जागी, अनुकंपा तत्त्वावर मिळाली. तिथेच सगळं आहे. ती हिशेबाला इतकी काटेकोर का? सुट्ट्या पैशांवरून म्हाताऱ्यांशीही का भांडते? कारण डेपोत कधीतरी कोणीतरी म्हणालं असेल, 'बाप मेला म्हणून लागली.' ती रोज सिद्ध करते आहे की ही बॅग आपल्या कमाईची आहे. तिचा कडकपणा ही जखमेवरची खपली आहे. मग प्रेमात पडल्यावर ती लोण्याची कशाला होईल? खपली काढून दाखवायची वेळ आली तर ती आणखी कडक होईल. चॅनेलला जे पटलं नाही ते मलाही पटलं नसतं.

आता ती जागा मास्तरांना कळू द्या, पण तिने भाषण करून सांगू नये. गाडी रात्रीची वस्तीची आहे, शेवटच्या गावात मुक्काम. मास्तर उशिरा सुटलेत, गाडीत ते आणि दोन म्हाताऱ्या. ती मागच्या सीटवर पैसे मोजते आहे आणि शंभर रुपये कमी भरतात. पुन्हा मोजते. कमी पडले तर तिच्या खिशातून जाणार, पण ते दुखणं नाही. मोजता मोजता, वर न बघता, ती म्हणते, 'आप्पांचा हिशेब बावीस वर्षांत कधी चुकला नाही.' एवढंच. बॅगेत तळाशी वडिलांचा तिकिटं पंच करायचा जुना चिमटा आहे, तो कॅमेऱ्याला दिसू द्या, तिने दाखवू नये. मास्तर खाली वाकून सीटखालून शंभराची नोट काढतात. ती पडलेली होती की त्यांनी टाकली, हे मी प्रेक्षकालाही पंधरा दिवस सांगणार नाही.

त्यानंतरचा घाव खलनायकाने घालायचा नाही. तुम्ही त्यासाठी एक कंट्रोलर ठेवला आहे, त्याला सुट्टी द्या. घाव मास्तरांनीच घालायचा, आणि प्रेमापोटी. भर स्टँडवर एक प्रवासी तिच्याशी वाद घालतो, तिला घालूनपाडून बोलतो, आणि मास्तर मध्ये पडून म्हणतात, 'अहो, जरा समजून घ्या, वडील गेल्यावर त्यांच्या जागी लागलीय पोरगी, घर एकटी ओढतेय.' सगळा स्टँड ऐकतो. त्यांना वाटतं आपण तिची बाजू घेतली. तिने आजवर जे कोणाला म्हणू दिलं नाही ते तिच्या माणसाने, चांगल्या हेतूने, सगळ्यांसमोर म्हटलं. ज्याला दुखरी जागा ठाऊक असते तोच अशी चूक करू शकतो, परक्याला ती साधणारच नाही. इथून तुम्हाला तीन आठवडे मिळतात, आणि दोघांपैकी कोणीही दुबळं नाही, कोणीही दुष्ट नाही. मास्तरही इथे पहिल्यांदा माणूस होतात. आतापर्यंत ते नुसतेच चांगले होते.

तिने तिथे उत्तर द्यायचं नाही. रडायचंही नाही. डबल बेल मारायची, गाडी सुटते, भाग संपतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर नेहमीच्या थांब्यावर चढतात, नेहमीच्या सीटवर बसतात. चाळीस भागांत तिने त्यांना पास विचारलेला नाही, लांबूनच मान हलवून पुढे जायची. आज ती त्यांच्यापाशी थांबते आणि म्हणते, 'पास दाखवा.' 'दाखव' नाही. ते खिसे चाचपतात. पास कालच संपलेला. ती मशीनवर तिकीट काढते, ते पन्नासची नोट देतात, आणि ती उरलेले पैसे, रुपयाच्या नाण्यापर्यंत, त्यांच्या तळहातावर मोजून ठेवते. या सीनला दोन शब्दांपलीकडे संवाद लिहू नका. पार्श्वसंगीतवाल्यांनाही सांगा की मशीनचा आवाज ऐकू येऊ दे.